जलनेतीसाठी तांब्याचं नेतीपात्र घ्यावं का? वापरायचं कसं?

जलनेती म्हणजे तोटीच्या भांड्यानं (नेतीपात्रानं) मिठाचं कोमट पाणी एका नाकपुडीत सोडून दुसरीतून बाहेर काढणं. तांब्याचं पात्र घ्या, पण तांब्यामुळे जास्त गुण येतो असं काही नाही. काम पाणी आणि मीठच करतं. घेताना तोटीच्या टोकावरून बोट फिरवा. कड बोचली तर भांडं तिथेच ठेवून द्या. तांब्याची खोड एकच: मिठाचं पाणी राहिलं की ते कळकतं, हिरवट थर चढतो, आणि तोटीच्या आतला दिसतही नाही. माझं पहिलं पात्र असंच वाया गेलं. म्हणून पाणी आयत्या वेळी ओता, लगेच धुऊन पालथं घाला. एवढी उस्तवार नको असेल तर सरळ स्टीलचं घ्या.

पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच. थेट नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना आहेत. दुर्मिळ, पण जिवावरच्या. अर्ध्या लिटरला साधारण ४.५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा पाऊणभर बिनआयोडीनचं मीठ. नाकात झोंबलं तर बहुतेक मीठ चुकलंय. डोकं तिरकं, श्वास तोंडानं. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोर लावला की पाणी कानाकडे जातं. कान दुखत असेल त्या दिवशी नेती नकोच.