बंदुकीचा परवाना मिळाला, आता बारा बोअर दुनळी जुनी घ्यावी की नवी?

पाटणच्या शेतकरी दादा, पहिल्यांदाच घेताय तर माझं मत नवीकडे. पण ओळखीतल्या परवानाधारकाची, वर्षानुवर्षं कपाटात तेल लावून ठेवलेली दुनळी मिळत असेल, तर ती सोडू नका. स्वस्तही पडते आणि जुन्या बंदुकीचा दस्ता खांद्याला बसतो तसा नव्याचा सहसा बसत नाही.

बघायची कशी? आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करा. मग नळ्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत पाहा. आतली चकाकी आरशासारखी हवी. काळे ठिपके, गंजाचे खड्डे दिसले तर भाव पाडा. पण पोचा किंवा फुगवटा दिसला तर फुकट दिली तरी घेऊ नका, नळी फुटली की हात जातो. पुढचं लाकूड काढून, बंदूक बंद करून हलवा, सांधा खुळखुळता कामा नये. अगदी जुन्या विलायती बंदुकीची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची असू शकते. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात घालणं धोक्याचं. नळीवर नागमोडी नक्षी असेल तर आजच्या काडतुसातल्या दारूसाठी ती नकोच. घेण्याआधी जाणत्या बंदूक कारागिराला दाखवाच.

आणि कागद! विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटल्याशिवाय बंदूक ताब्यात घेऊ नका. बंदुकीवरचा क्रमांक खोडलेला असेल तर हातसुद्धा लावू नका.