पाण्याचे प्रश्न : रिपोर्ट पास, पाणी कोऱ्या चहासारखं

प्रश्न : माझी धाकटी बहीण विदर्भात नदीकाठी राहते. गावाच्या वरच्या अंगाला कागद गिरणी आहे. नदी कोऱ्या चहासारखी दिसते. गिरणीच्या माणसाने रिपोर्ट दाखवला : सांडपाण्याचा बीओडी २४, मर्यादा ३०. म्हणजे काळजी नाही ना? दिवाळीला जाईन तेव्हा एक बाटली भरून आणते. ठाण्यात कुठे तपासून मिळेल?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, बाटली आणू नका. बर्फाशिवाय रात्रभर गाडीत राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाटेतच जेवून घेतात आणि बीओडी, म्हणजे घाणीचं माप, आपोआप उतरतो. चूक होते ती गिरणीच्या फायद्याची.

चहाचा रंग लिग्निनचा. बांबू-लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं हे द्रव्य लगदा शिजवताना सुटतं. दिसायला वाईट, पण मला भीती बिनरंगी गोष्टींची. बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंनी किती प्राणवायू ओढला. आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस मोजतात. जे त्यांना खाताच येत नाही, ते त्या आकड्यात दिसणार कसं? लगदा क्लोरीनने पांढरा करताना जी क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं बनतात, त्यांतली बरीचशी अशीच निसटतात.

त्यांच्यासाठी ‘एओएक्स’ ही वेगळी चाचणी आहे. पाण्यातली ती द्रव्यं कोळशाच्या भुकटीवर धरायची, साधं मीठ धुऊन काढायचं, कोळसा भट्टीत जाळायचा आणि निघालेलं क्लोराइड मोजायचं. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ. वर हवा राहिली तर उडून जाणारा भाग तिथे जातो. ठाण्या-नवी मुंबईत बीओडी सहज होतो. एओएक्ससाठी मात्र आधी फोन करून विचारा, ‘तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता?’

वागळे इस्टेटच्या प्रयोगशाळेत असताना एक मुलगा तुमच्याच ऐरोलीच्या खाडीचं पाणी घेऊन आला होता. सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने घाण जाळून मोजलेला प्राणवायू, इतका आला की तो वर्तमानपत्राकडेच निघाला. मी बसवून ठेवला. भरतीचं पाणी होतं. त्यातलं मीठही त्या चाचणीत जळतं. एओएक्सलाही मीठ असंच छळतं. तुमच्या बहिणीची नदी गोड्या पाण्याची, एवढं तरी बरं.

क्लोरीनच्या ब्लीचिंगमध्येच बनणाऱ्या डायॉक्सिन या विषाची गोष्ट निराळी. १९८०च्या दशकात अमेरिकेत कागद गिरण्यांच्या खालच्या माशांत ते सापडलं, त्यानंतर तिथल्या गिरण्या क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायॉक्साइडकडे वळल्या. डायॉक्सिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. गाळाला चिकटतं, माशाच्या चरबीत साठतं. मोजतात पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. तपासणी भयंकर महाग. बाटलीभर पाण्यात ते शोधणं म्हणजे निवटी मासा पकडायला चिखल सोडून पुलावर उभं राहणं.

म्हणून बहिणीला सांगा, गिरणीला तीन गोष्टी लेखी विचारायच्या. ब्लीचिंग कशाने करता? सीओडी आणि एओएक्स किती? आणि मासे-चाचणी केली का? नियमात ती आहे : निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनी शंभरातले नव्वद मासे जिवंत हवेत. नमुना घ्यायची वेळ आली तर गिरणीच्या वरचाही घ्या, खालचाही, एकाच दिवशी आणि गिरणी चालू असताना. बहिणीने रिपोर्टचा फोटो काढला असेल तर नमुन्याची तारीख बघा. ऐन पावसाळ्यातली असली, म्हणजे पावसाच्या पाण्याने घाण पातळ झालेली असली, तर मला तो फोटो पाठवायची तसदी घेऊ नका.