अपचय म्हणजे अपचन नव्हे

ॲसिटिल को-ए कार्बोक्सिलेज या विकराविषयी (एन्झाइमविषयी) वाचताना ‘हे विकर मेदाचा चय घडवते आणि अपचय रोखते’ असे वाक्य आढळल्याचे सांगून एका वाचकांनी विचारले आहे की, ‘अपचय’ म्हणजे अपचनच का, आणि ‘चयापचय’ (मेटाबॉलिझम) हा शब्द पचनावरून आला आहे का.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘अपच’ ही अक्षरे दोन्ही शब्दांत सारखी दिसत असली, तरी शब्दांची फोड निराळी आहे. ‘अपचन’ म्हणजे अ + पचन. त्याचा धातू ‘पच्’, म्हणजे शिजणे, जिरणे. ‘अपचय’ म्हणजे अप + चय. त्याचा धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे, रचणे. ‘संचय’मध्ये आहे तोच हा ‘चय’. त्याला ‘अप’ लागला की रचलेले झिजू लागते. चय आणि अपचय यांचा द्वंद्व समास होताना दोन अकारांचा आकार होतो आणि ‘चयापचय’ हा शब्द सिद्ध होतो.

वाचकांना अडलेले विकर या समासाचे मला फार मोलाचे उदाहरण वाटते. दोन कार्बनांच्या ॲसिटिल गटाला ते तिसरा कार्बन जोडते आणि मॅलोनिल को-ए तयार करते (को-ए म्हणजे कोएन्झाइम-ए, असे गट वाहून नेणारा रेणू). पुढच्या पायरीवर तो तिसरा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो, पण साखळी दोन कार्बनांनी वाढलेली असते. एक ॲसिटिल आणि सात मॅलोनिल अशा हिशेबाने 16 कार्बनांचे पामिटिक आम्ल उभे राहते. हा झाला चय. हेच मॅलोनिल को-ए मेदाम्लांना तंतुकणिकेत (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात) नेणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे तेथे होणारे त्यांचे ज्वलन, म्हणजेच अपचय, मंदावते. नवा मेद रचला जात असतानाच तो जाळलाही जाऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून ‘चयापचय वाढतो’ हे शब्द केवळ ‘चरबी जळते’ या अर्थाने वापरलेले मला खटकतात, कारण त्यात समासाचे पहिले पद हरवते. जळण्याविषयीच बोलायचे असेल तर ‘मेदाचा अपचय वाढतो’ असे लिहावे. वाचकांनी उद्धृत केलेले वाक्य मात्र जसेच्या तसे निर्दोष आहे.