पान नंबर सांगा

गेल्या अंकात ‘नुकतंच काय पाहिलंत, काय वाचलंत?’ असं विचारलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातल्या निम्म्या पत्रांत ‘अप्रतिम’ आणि ‘भंगार’ हे दोनच शब्द. एकतीस वर्षं मी प्रुफं तपासली. एखादा लेखक ‘पुस्तकात फार चुका राहिल्यात हो’ म्हणत आला, की मी विचारायची, कुठल्या पानावर? ती खोड अजून गेलेली नाही. म्हणून ज्यांनी निदान एखाद्या जागेवर बोट ठेवलंय, तीच पत्रं घेतली. बाकीच्यांनी रागवू नये. फार तर रागवावं, पण पान नंबर द्यावा.

प्रश्न : ताई, मित्रांनी डोक्यावर घेतला म्हणून ‘कोर्ट’ पाहिला. कॅमेरा जागचा हलत नाही. मध्ये चक्क झोप लागली. मला सिनेमा कळत नाही असं समजायचं का?

उत्तर : मलाही लागली होती. पहिल्या वेळी मधली वीसेक मिनिटं गेलीच. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट, २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेलेला, पुढे भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला. एवढं ओझं उराशी घेऊन बसलं की कंटाळा आल्याचीसुद्धा लाज वाटते. ती सोडा आधी.

दुसऱ्यांदा पाहताना मी ‘आता पुढे काय’ म्हणणं बंद केलं. कॅमेरा हलत नाही, कारण खटला हलत नाही. नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिरावर आरोप आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं वाचून दाखवतात. गीतांजली कुलकर्णींचं ते वाचन ऐका. पाढे म्हणावेत तसं, श्वास कुठे घ्यायचा एवढाच काय तो विचार.

हा सूर माझ्या ओळखीचा. प्रुफं वाचायला आम्ही दोघीजणी बसायचो. एक मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरी छापलेलं ताडून पाहणार. अर्थात गुंतलं की चूक नजरेतून निसटते, म्हणून अर्थ बाजूला ठेवून वाचायची सवय लागते. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं एकाच पट्टीत. वकीलबाई तशाच वाचतात. आमच्या वाचनात फार तर एखादी वेलांटी उलटी जायची, इथे माणूस आत राहतो. पुढे याच बाई मुलाला शाळेतून घेऊन घरी जातात आणि रांधायला लागतात. दुष्टपणा औषधालाही नाही. दिग्दर्शकाला त्यांचा राग आलेला दिसत नाही, त्यामुळे मलाच जास्त आला.

तक्रार माझीही आहे. बचावाचा वकील उंची दुकानात वाइन आणि चीज घेतो, जॅझ ऐकतो. दोन वकिलांच्या राहणीतला फरक आपल्याला कळावा म्हणून इथे पट्टीने रेघ मारल्यासारखं वाटतं. वकीलबाईंच्या घरात जो जिवंतपणा आहे तो इथे नाही.

आता तुमच्या झोपेबद्दल. सुट्टी लागते, कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. संपला समजून उठला असाल तर पुन्हा लावा. नंतरची सहल राहिली. तिथे न्यायाधीश महाशय बाकावर डुलकी घेताहेत. पोरं येऊन त्यांना दचकवतात, एकाला थप्पड बसते, आणि ते पुन्हा डोळे मिटून घेतात. या सिनेमात झोपणारे तुम्ही एकटेच नाही.

प्रश्न : ‘शाळा’ कादंबरी वाचल्यावर सिनेमा पाहिला. सिनेमा चांगला असूनही काहीतरी कमी वाटलं. नेमकं काय ते सांगता येत नाही.

उत्तर : मुकुंद जोशीची बडबड कमी वाटली असणार. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ ची. नववीतला मुलगा आणीबाणीच्या दिवसांत आपल्याशी बोलतो आहे, आणि तो एक वाक्य तोंडाने बोलतो तेव्हा डोक्यात पाच चाललेली असतात. सुऱ्या, चित्र्या, फावड्या, ते बांधकाम चाललेल्या इमारतीतलं बसणं, शिरोडकरकडे पाहणं हे सगळं पडद्यावर आणता येतं. सुजय डहाके यांनी ते नीट आणलंही आहे. पण शिरोडकर वर्गात नुसती मागे वळली, तर त्यावर मुकुंदाच्या डोक्यात जी खलबतं सुरू होतात ती दाखवायची कशी? मागून आवाज देत राहिलं तर रेडिओवरचं नाटक होईल.

बाहेर घडणारं ज्या कादंबरीत जास्त, तिचा सिनेमा तुलनेने सोपा. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या मिळून तेंडुलकरांनी एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली तिचा ‘सिंहासन’ केला. दोन पुस्तकं एका सिनेमात मावली. इथे एक पोरगा मावत नाही.

सिनेमाने मला एक गोष्ट मात्र दिली. पुस्तक वाचताना मुकुंद माझ्या मनात मोठा होता, माझ्याच वयाचा म्हणा ना, इतकी त्याची अक्कल तेज. पडद्यावर पाहिलं आणि लक्षात आलं, अरे, हे तर केवढंसं पोर! मग पुन्हा पुस्तक काढलं, तेव्हा तेच विनोद जरा लागले.

प्रश्न : शेवट आधीच कळला तर पाहण्यात काय राहतं? ‘सैराट’चा शेवट मला घरच्यांनीच सांगून टाकला.

उत्तर : घरच्यांशी भांडा. पण बघा. शेवट ठाऊक असूनही शेवटची काही मिनिटं सगळा आवाज जातो तेव्हा काय होतं, ते कोणाला सांगून टाकता येत नाही.

प्रश्न : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ एका बैठकीत वाचली. १९३९ सालची आहे यावर विश्वास बसेना. वाचताना सारखं सिनेमा पाहतोय असं वाटत होतं. हा माझा भास का?

उत्तर : भास कसला! बेडेकर सिनेमातलेच. प्रभातच्या ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शकांमध्ये त्यांचं नाव आहे. तो १९४४ चा, म्हणजे कादंबरीनंतरचा, पण नजर आधीपासूनची असावी. बोटीवर गोष्ट घडते. डेक, केबिन, जेवणाची जागा, कठडा आणि चहूकडे पाणी. प्रेमात हरलेला, युरोपातून परत निघालेला चक्रधर आणि जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंमधली हॅर्टा. बंदर जवळ येतंय हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून प्रत्येक संवादाला घाई आहे. त्या काळच्या कितीतरी कादंबऱ्यांत नायिकेच्या डोळ्यांवर अर्धं पान खर्ची पडायचं. इथे तेवढ्यात दोघं बोलून, रुसून, उठून गेलेली असतात.

मी ही पहिल्यांदा विशीत वाचली आणि हॅर्टासाठी रडले. आत्ता वाचली तर चक्रधराची चीड आली. स्वतःच्या दुःखाचं त्याला फार कौतुक आहे. जिला देशच उरला नाही तिच्यासमोर हा आपल्या मोडलेल्या प्रेमाची जखम मिरवतो. लेखकाला हे दिसत होतं का? मला वाटतं, पुरतं दिसत होतं. चक्रधराला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलंय ते त्यासाठीच. तुम्ही पुन्हा वाचाल तेव्हा त्याचे ‘मी’ मोजा.

प्रश्न : ‘कोसला’ तीनदा अर्धवट सोडली असं तुम्ही गेल्या अंकात लिहिलंत. अशा व्यक्तीने कादंबऱ्यांवर सदर चालवावं का?

उत्तर : बोललात ते रास्त आहे. त्याच रागात चौथ्यांदा घेतली आणि गेल्या महिन्यात संपवली.

आधी तीनदा का सुटली तेही सांगते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. दर चार ओळींनी यातलं एक येतं आणि माझा हात पेन्सिलीकडे जातो. जादा शब्द खोडणं हाच ज्याचा धंदा, त्याने ही कादंबरी वाचणं म्हणजे खाज सुटलेली असताना हात बांधून बसणं. या वेळी कळलं ते असं, की पांडुरंग सांगवीकर नेमकं काही बोलायची वेळ आली की ‘वगैरे’च्या आड जातो. लपायची जागा आहे ती त्याची. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी आले तेव्हा पेन्सिल कुठे ठेवली हेही ध्यानात नव्हतं. प्रुफात चुकून खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असला तर त्याखाली टिंबं देतात. मनातल्या मनात मी नेमाड्यांच्या सगळ्या ‘वगैरे’खाली टिंबं देऊन टाकली.

वसतिगृहातली पानं मात्र मला अजूनही लांबलेली वाटतात. पान नंबर मागाल तर तयार आहेत, फक्त तुमची आवृत्ती कुठली ते आधी कळवा.

प्रश्न : चुका काढणाऱ्या ताईंची चूक! ‘उंबरठा’ची कथा थेट सिनेमासाठी लिहिलेली आहे, असं तुम्ही मागे म्हटलं होतं. तो शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आहे.

उत्तर : आहे. आणि नाव श्रेयनामावलीत आहे, तेव्हा सबबीला जागा नाही. १९८२ पासून हा सिनेमा मी किती वेळा पाहिला असेन, पण दर वेळी स्मिता पाटील दिसेपर्यंतच्या पाट्यांकडे लक्षच दिलं नाही. नावं न वाचणारी मुद्रितशोधक! ‘बेघर’ मिळवली आहे. चाळिसाव्या पानावर आहे. या खेपेला पहिल्या पानावरचा छापखान्याचा मजकूरसुद्धा सोडलेला नाही.