बेपत्ता, पण पत्ता लिहून

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या रोआनोक बेटावरून सोळाव्या शतकात दिसेनाशा झालेल्या इंग्रज वसाहतीवर, म्हणजे ‘लॉस्ट कॉलनी’वर, शाळेच्या हस्तलिखितासाठी मराठीत लिहायचंय. ‘हरवलेली वसाहत’ म्हणावं, ‘बेपत्ता वसाहत’ की ‘लुप्त वसाहत’? आणि यातला पहिला पर्याय कानाला खटकतो तो का?

खटकतो ते बरोबरच आहे. मराठीत छत्री हरवते आणि कबड्डीत समोरच्या संघालाही हरवतात. रूप एकच. त्यामुळे ‘हरवलेली वसाहत’ वाचताना क्षणभर ‘कुणीतरी पराभव केलेली’ असंही वाटून जातं. पण ही अडचण किरकोळ, संदर्भाने ती सुटते. मोठी अडचण वेगळी आहे. जे हरवतं ते कुणाचं तरी हरवतं. मग इथे कोणाचं काय हरवलं?

हकीकत थोडक्यात सांगतो, कारण शब्द त्यातूनच ठरणार आहे. १५८४ मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने आपला दरबारी वॉल्टर रॅली याला अमेरिकेत वसाहत करण्याची सनद दिली. १५८५ मध्ये आजच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रोआनोक बेटावर राल्फ लेनच्या हाताखाली शंभरावर माणसं उतरली. सगळे पुरुष, शिस्त लष्करी. त्याला आपण ‘ठाणं’ म्हणू, वसाहत नव्हे. वर्षभरात ते ठाणं उठलं. १५८७ मध्ये आले ते मात्र राहायला आलेले लोक होते : सुमारे ११५ जण, त्यांत बायका आणि मुलं. त्यांचा प्रमुख जॉन व्हाइट हा चित्रकार. १८ ऑगस्ट १५८७ रोजी त्याच्या मुलीला तिथेच मुलगी झाली, तिचं नाव व्हर्जिनिया. नात दहा दिवसांचीही झाली नव्हती तेव्हा व्हाइट रसद आणायला इंग्लंडला निघाला. पुढे स्पेनच्या आरमाराशी युद्ध लागलं, जहाजं अडकली, आणि तो परतला तो थेट ऑगस्ट १५९० मध्ये. बेटावर पाऊल ठेवलं तो दिवस नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाचा.

तिथे माणूस नव्हता. घरं होती तिथे नव्हती, पण जळालेलीही नव्हती, ती उतरवून नेलेली होती. आपल्याकडे जुनं घर ‘उतरवतात’, म्हणजे वासे-तुळया जपून सोडवून घेतात, अगदी तसं. कुंपणाच्या एका खांबावर ठळक अक्षरांत एक शब्द कोरलेला होता : क्रोआटोअन. एका झाडावर त्याचीच पहिली तीन अक्षरं. क्रोआटोअन हे दक्षिणेकडचं बेट. इंग्रजांना मदत करणारा मूलनिवासी मांटिओ तिथला.

आता ‘बेपत्ता’ घ्या. फारसी ‘बे’ आणि आपला ‘पत्ता’. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. पण या लोकांनी तर पत्ता खांबावर कोरून ठेवला होता! निघण्यापूर्वी व्हाइटशी ठरलंच होतं की जागा सोडली तर नव्या जागेचं नाव कोरून ठेवायचं, आणि संकटात सोडावी लागली तर नावावर क्रूसाची खूण करायची. क्रूस नव्हता. आपण ‘नामोनिशाण उरलं नाही’ असं सहज लिहून जातो. रोआनोकला नाम होतं, निशाण नव्हतं, आणि निशाण नसणं हीच बरी बातमी होती. म्हणून या प्रसंगाला ‘बेपत्ता’ लावू नये असं मला मनापासून वाटतं. पत्त्यावर कुणी पोचलं नाही, हा पत्ता ठेवणाऱ्याचा दोष नव्हे. व्हाइट दुसऱ्या दिवशी क्रोआटोअनला जायला निघाला होता. वादळी हवेत नांगराचे दोर तुटले, नांगर गेले, आणि जहाजाला ती वाट सोडावी लागली.

‘बेचिराख’चाही विचार मनात येऊन गेला. आज आपण त्यात ‘राख’ ऐकतो आणि जळून खाक झालेलं असा अर्थ घेतो. मूळ शब्द मात्र बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही असं ठिकाण. महसुली दप्तरात ‘बेचिराख गाव’ म्हणजे नकाशावर हद्द असलेलं, पण वस्ती नसलेलं गाव. विदर्भात त्यालाच ‘रिठी’ म्हणतात. जुन्या अर्थाने हा शब्द रोआनोकला नेमका बसतो. बेटावर उतरण्याच्या आदल्या रात्री व्हाइटच्या माणसांना झाडीत जाळ दिसला. त्यांनी किनाऱ्याजवळ होडी थांबवून तुतारी वाजवली, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली. उत्तर आलं नाही. उजाडल्यावर पाहिलं तर गवत आणि कुजकी झाडं पेटलेली होती. आग होती, दिवा नव्हता. हा शब्द मला फार जवळचा आहे, पण आजचा वाचक त्यात राखच वाचेल आणि वसाहत जाळली गेली असं समजेल. म्हणून तो सोडावा लागतो.

‘परागंदा’ बराच जवळ येतो. फारसीत अर्थ विखुरलेला. आपल्याकडे दुष्काळात किंवा जुलमाने रयत परागंदा होते. आणि दुष्काळ तिथे होताच. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या वाढीच्या कड्यांवरून १९९८ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की १५८७ ते १५८९ ही वर्षं आठ शतकांतल्या सर्वांत कोरड्या काळाची होती. पण परागंदा होण्यात दिशा नसते, दाही वाटा असतात. इथे तर व्हाइट असतानाच मुख्य भूमीकडे पन्नास मैल आत सरकण्याचा विचार झाला होता.

म्हणून माझं मत साध्या मराठी क्रियापदाला : उठणे. बाजार उठतो, तळ उठतो, पाखरं उठतात. धरणात गाव उठतं. प्लेगच्या साथीत गावं उठून रानात राहायला जात. यात माणसं कर्ती असतात. त्यांना कुणी हरवत नाही, ती स्वतः उठून जातात. तुमच्या लेखाला ‘रोआनोकची उठून गेलेली वसाहत’ असं नाव द्या. पुढे काय झालं, म्हणजे ती क्रोआटोअनच्या मूलनिवासी लोकांत मिसळली, आत सरकली, काही मारली गेली का, यावर मतं अनेक आहेत. ‘उठून गेली’ म्हटल्याने त्यातलं कुठलंच मत आपण वाचकावर लादत नाही.

‘हरवली’ हा शब्द मी एकाच माणसाच्या तोंडी ठेवीन. जॉन व्हाइटची मुलगी, जावई आणि नात हरवली. १५९३ मध्ये आयर्लंडमधून लिहिलेल्या पत्रात त्याने त्या सगळ्यांना देवाच्या हवाली केलं, तिथेही त्याने त्यांना ‘प्लँटर्स’, म्हणजे लागवड करणारे, असंच संबोधलं. इंग्रजीत तेव्हा वसाहत करण्याला ‘प्लँट’ करणं, म्हणजे ‘लावणं’ म्हणत. आपण गाव वसवतो, त्यांनी ते लावलं.

राहिला ‘लुप्त’. जॉन लॉसन या इंग्रज प्रवाशाने १७०९ मध्ये छापलेल्या वृत्तांतात हॅटरसच्या, म्हणजे त्याच क्रोआटोअन बाजूच्या लोकांविषयी लिहिलंय. आमचे काही पूर्वज गोरे होते आणि ते ‘पुस्तकात बोलत’, असं ते लोक सांगत. वाचण्याला ‘पुस्तकात बोलणं’ म्हणणारी ती भाषा कशी असेल! मांटिओ आणि त्याच्या सोबत्याकडून थॉमस हॅरियट हा इंग्रज अभ्यासक तिथल्या मूलनिवाशांची अल्गोंक्वियन बोली शिकला होता, तिचे उच्चार टिपायला त्याने स्वतः एक लिपीही रचली होती. आज ती बोली कुणाच्या तोंडी नाही. ‘लुप्त’ हा शब्द लेखात वापरायचाच असेल तर तो तिच्यासाठी ठेवा.