प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर बसवलेलं कृत्रिम स्फिंक्टर किती वर्षं टिकतं?

तुमच्या बाबांचं वय ६८. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढून दीड वर्ष झालं, व्यायाम करूनही लघवी गळते, दिवसाला चार-पाच पॅड लागतात आणि डॉक्टरांनी एएमएस ८०० हे कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखून धरणारं उपकरण, सुचवलंय. एवढे पैसे घातल्यावर ते जन्मभर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी हे उपकरण अंगात घेऊन दहा वर्षं वावरतोय, म्हणून लिहितो. जन्मभराचा हिशोब धरू नका. माझं पहिलं सात वर्षं चाललं, आता दुसरं आहे.

एकट्या माझ्यावरून अंदाज बांधू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८३ ते २०११ या काळात पहिल्यांदाच हे बसवलेल्या १,०८२ पुरुषांची नोंद ठेवली. पुन्हा ऑपरेशन न लागता पाच वर्षांनी ७४ टक्के, दहा वर्षांनी ५७ टक्के आणि पंधरा वर्षांनी ४१ टक्के उपकरणं टिकून होती. म्हणजे दहा वर्षांत निम्म्याहून थोड्या कमी लोकांना पुन्हा टेबलावर जावं लागतं. बाबांचं वय बघता दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता आजच मनात आणि हिशोबात धरा.

ते का बिघडतं, हे समजण्यासाठी आधी ते चालतं कसं ते बघा. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेला एक पट्टा, पोटात एक छोटा फुगा आणि अंडकोशाच्या पिशवीत पंप, तिन्ही नळ्यांनी जोडलेले. पंप दोन-तीनदा दाबला की पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं, मार्ग मोकळा होतो, लघवी होते. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप भरून पुन्हा आवळतो. हे दिवसातून सात-आठ वेळा, वर्षानुवर्षं चालतं. कुठेतरी बारीक चीर जाते आणि पाणी झिरपतं. माझं तेच झालं. एका सकाळी पंप हाताला पोकळ लागला आणि दुपारपर्यंत पँट ओली. मेयोच्या त्या नोंदीतही ३३८ फेरऑपरेशनांपैकी १३१ अशा बिघाडामुळेच झाली होती. ८९ जणांत पट्ट्याखालचा मूत्रमार्ग सततच्या दाबाने बारीक झाला, म्हणून पट्टा सैल पडला. आणखी ८९ जणांत जंतुसंसर्ग झाला किंवा पट्टा मूत्रमार्गात रुतला. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तेव्हा सगळं काढून काही महिने थांबावं लागतं. नुसता बिघाड असेल तर बहुतेक वेळा त्याच ऑपरेशनात जुनं काढून नवं बसवतात. माझं तसंच झालं. बाबांना कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिला असेल, तर रुतण्याचा धोका वाढतो. ते सर्जनशी स्पष्ट बोलून घ्या.

आता एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. पट्टा उघडून पंपावरच्या बटणाने उपकरण बंद केल्याशिवाय, म्हणजे पट्टा उघडाच राहील असं केल्याशिवाय, बाबांना कोणीही कॅथेटर (लघवीची नळी) घालायचा नाही. चार वर्षांपूर्वी छातीत दुखतं म्हणून मला रात्री एका रुग्णालयात नेलं. तिथल्या सिस्टरांनी नेहमीप्रमाणे घालण्यासाठी कॅथेटर हातात घेतला. मी अर्धवट शुद्धीत होतो. माझ्या पत्नीने त्यांचा हात धरला, युरॉलॉजिस्टला फोन लावला. ती तिथे नसती तर चांगलं चाललेलं उपकरण त्या रात्रीच गेलं असतं, आणि मूत्रमार्गही. तेव्हापासून माझ्या पाकिटात मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड असतं. बाबांच्या पाकिटातही ठेवा, आणि एक तुमच्याजवळ.

तुम्ही स्लिंगबद्दलही, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणाऱ्या जाळीच्या पट्टीबद्दल, विचारलंय. ब्रिटनमध्ये ३८० पुरुषांवर दोन्हींची तुलना झाली. एका वर्षाने थोडीतरी गळती राहिलेले स्लिंगमध्ये ८७ टक्के आणि स्फिंक्टरमध्ये ८४ टक्के होते, म्हणजे पूर्ण कोरडं होणं दोन्हीकडे विरळच. पण समाधानी लोक स्फिंक्टरचे जास्त होते. स्लिंगमध्ये दाबायचं काही नसतं, म्हणून गळती कमी असेल तर ती सोयीची. चार-पाच पॅड भिजत असतील तर माझं मत स्फिंक्टरच्या बाजूने. मलाही खोकताना अजून थेंब जातो आणि एक पातळ पॅड मी ठेवतोच.

खर्चाचं म्हणाल तर विमा कंपनीकडून पहिल्याच नव्हे, बदलण्याच्या ऑपरेशनबद्दलही लेखी उत्तर घ्या. सर्जनला विचारा, तुम्ही वर्षाला अशी किती करता. आणि बाबांच्या बोटांत जोर आहे का, ते बघा. सर्जनकडे दाखवायचा पंप असतो. तो बाबांच्या हातात द्या आणि न बघता दाबायला सांगा, कारण नंतर तो चाचपडूनच शोधायचा असतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे उपकरण बंदच, म्हणजे पट्टा उघडा, ठेवतात. त्या काळात गळती तशीच राहते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस खचतो. मी खचलो होतो.

बाबा याबद्दल तुमच्याशी बोलत नसतील, तर माझ्याशी बोलतील कदाचित. मेसेज करा, मी नंबर देतो.