होम रन फारसे न मारणारा आउटफिल्डर बेसबॉलमध्ये महान ठरू शकतो का?

नक्कीच ठरू शकतो. (होम रन म्हणजे बहुतेक वेळा चेंडू थेट कुंपणापार मारणं, आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक.) या प्रश्नावर मी एकच नाव घेईन, जपानी आउटफिल्डर इचिरो सुझुकी. मी सिएटलजवळ राहतो आणि इथे त्याचा 51 नंबरचा शर्ट अजूनही कुठेही दिसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा भरभरून लिहितोय.

अमेरिकेत त्याने मारलेले होम रन 117. दांडगे हिटर तीन-चार हंगामांत एवढे मारतात. पण हिट्स (म्हणजे फटका मारून सुखरूप बेस, म्हणजे मैदानातला थांबा, गाठणं) 3089, आणि त्याही वयाच्या 27व्या वर्षी इथे येऊन. त्याआधी जपानमध्ये ओरिक्स या संघाकडून 1278 हिट्स झाल्या होत्या. ती वर्षं इथले लोक सहज विसरतात, ते मला पटत नाही. 1994 मध्ये 130 सामन्यांच्या हंगामात त्याने 210 हिट्स केल्या. तिथे 200चा आकडा त्याआधी कुणी गाठला नव्हता. जानेवारी 1995 मध्ये कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ओरिक्सचं घर कोबेच. बाहीवर ‘गानबारो कोबे’ (धीर धर, कोबे) लावून हा संघ खेळला आणि त्या वर्षी लीग जिंकला.

2001 मध्ये तो सिएटल मरिनर्सकडे आला. तोवर जपानी पिचर (चेंडू फेकणारे) अमेरिकेत स्थिरावले होते, पण ही सडपातळ अंगकाठी इथल्या पिचिंगपुढे टिकेल का, अशी शंका अनेकांना होती. पहिल्याच हंगामात 242 हिट्स, 56 चोरलेले बेस (फटक्याशिवाय धावून घेतलेले), सर्वोत्तम नवोदित आणि एमव्हीपी (हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू), दोन्ही किताब.

आता आउटफिल्डरचं खरं काम. 11 एप्रिल 2001, ओकलंड. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर, चेंडू उजवीकडे इचिरोकडे गेला. लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. राइट फील्डमधून तिसरा बेस म्हणजे आउटफिल्डरच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्यात लांब फेकींपैकी एक, त्यामुळे धावणारा सहसा हा धोका पत्करतोच. इचिरोने चेंडू उचलला आणि फेकला. टप्पा न पडता, सरळ रेषेत, तो तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये गेला. लाँग बाद. त्यानंतर इचिरोच्या फेकीसमोर धाव घ्यायची हिंमत लोक जपूनच करू लागले. सलग दहा वर्षं गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, उगाच नाही मिळत.

बॅटिंगमध्ये तो डावखुरा, म्हणजे पहिल्या बेसच्या एक-दोन पावलं जवळ. शिवाय बॅट फिरतानाच त्याचं अंग पळायला निघालेलं असायचं. इनफिल्डरने (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाने) साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला चेंडू, उचलून फेकेपर्यंत हा बेसवर. 2004 मध्ये 262 हिट्स झाल्या, त्यातल्या 225 एकेरी, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंतच्या. जॉर्ज सिसलरचा एका हंगामातल्या 257 हिट्सचा विक्रम 1920 पासून उभा होता. तो मोडला त्या रात्री इचिरो धावत स्टँडजवळ गेला आणि सिसलरच्या मुलीशी हस्तांदोलन केलं. पुढे 2009 मध्ये तो सिसलरच्या कबरीवरही जाऊन आला.

‘नुसत्या एकेरी हिट्स, वॉक कमी’ ही टीका मी खूप ऐकली आहे (वॉक म्हणजे पिचरच्या चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस). वॉक कमी होते हे खरंच. पण सलग दहा हंगाम 200 हिट्स करणारा दुसरा कोणी नाही, आणि 2025 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंना मिळणारा सन्मान) 394 पैकी 393 मतं त्याला पडली. तुम्ही नव्याने खेळ बघत असाल तर आधी ती ओकलंडची फेक शोधून बघा, हिट्स नंतर.